शस्त्रक्रियेपूर्वीचे महिने

अतिस्थूलतेवर आज बहुधा केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. परंतु जिभेची सवय कोणत्याही शल्यवैद्याला कापून काढता येत नाही. आधीचे महिने असतात ते तिच्यासाठीच.

स्थूल मनुष्याच्या यकृतात मेद साठून ते जठरावर पसरलेले असते. शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे २ आठवडे, वैद्यांच्या देखरेखीखाली पिष्ट व स्निग्ध पदार्थ कमी केले, की यकृत आक्रसते आणि शल्यवैद्याची वाट मोकळी होते. मधुमेहाच्या औषधांचे प्रमाणही त्याच वेळी त्यांच्याकडून ठरवून घ्यावे. धूम्रपान निदान ६ आठवडे आधी सुटले पाहिजे. नाही तर जखम भरून येण्यास विलंब लागतो.

घास सावकाश चावणे, जेवताना पाणी न पिणे, पोट भरण्याआधी थांबणे, हे आतापासूनच अंगवळणी पाडावे. आपल्याकडे पंक्तीत आग्रह हा होणारच. म्हणून घरच्या मंडळींनाही वेळीच विश्वासात घ्यावे. पुढे जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर चुकणार नाहीत.

एवढे व्रत आज पेलवत नसेल, तर वैद्यांना तसे मोकळेपणाने सांगून तारीख पुढे ढकलावी. त्यात कमीपणा नाही. काढलेले जठर मात्र परत मिळत नाही.