घरची किल्ली आणि दवाखान्याचे कार्ड



आमच्या नाचणगावच्या जुन्या घरांतून पूर्वी एक गोष्ट हमखास दिसे. घरातल्या थोरल्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोठीची किल्ली, पेटीची किल्ली, मागच्या दाराची किल्ली. ती गावाला गेली किंवा अंथरुणाला खिळली, तर जुडगा कुणाच्या हाती द्यायचा हे आधीच ठरलेले असे. थोरल्या सुनेला तो मिळे. पण कोणत्या किल्लीने काय उघडते, हे धाकटीलाही ठाऊक असे. कारण उघड आहे. रात्री-बेरात्री कुलूप उघडण्याची वेळ आली, तर किल्ली हुडकत बसायला सवड नसते.

आज त्या जुडग्यात एक नवी किल्ली आली आहे. ती लोखंडाची नाही, सहा आकड्यांची आहे. दवाखान्यात कार्ड दाखवले की मोबाईलवर सहा आकडे येतात. त्यांना ओटीपी म्हणतात, हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण तो मोबाईल कुणाच्या खिशात आहे, याचा विचार फार थोड्या घरांत झालेला आहे. आज त्याच विषयावर दोन शब्द बोलायचे आहेत.

एक घर डोळ्यांपुढे आणा. नाव सांगत नाही, कारण असे घर प्रत्येक आळीत आहे. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. माय त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. थोरला मुलगा घरी कपाशी आणि सोयाबीन पाहतो. धाकटा पुण्याकडे चाकणला कारखान्यात आहे. दिवाळीला धाकटा घरी आला, तेव्हा त्याने सगळ्यांची आयुष्मान कार्डे काढून दिली. काम चांगलेच केले. पण त्याआधी बाबांच्या आधारला त्याने आपलाच मोबाईल क्रमांक जोडून ठेवला होता. त्याचा मोबाईल चांगला, म्हणून सोयीचे वाटले. कार्डे त्याच्याच मोबाईलमध्ये राहिली. सुटी संपली, तो निघून गेला.

पुढे भाद्रपदात एका रात्री बाबांच्या छातीत दुखू लागले. थोरल्याने गाडी केली आणि वर्ध्याकडे नेले. दवाखान्यात विचारणा झाली, कार्ड कुठे आहे? थोरल्याला क्रमांकही ठाऊक नव्हता. आधारवरून शोधायचे ठरले, तर आकडे गेले चाकणला. धाकटा रात्रपाळीत, मोबाईल कारखान्याच्या फाटकावर जमा. मग बाबांच्या बोटांचे ठसे घेऊन पाहिले. पन्नास वर्षे वखर-डवऱ्याला लागलेली ती बोटे, त्यांच्यावरच्या रेघा झिजून गेलेल्या. यंत्राला त्या ओळखू येईनात. तोवर मायने गळ्यातली पोत काढून पदराच्या गाठीत बांधली होती. पैसे लागले तर हाताशी असावी म्हणून.

शेवटी तिथल्या आरोग्यमित्राने दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून घेतली. उपचार झाले, बाबा घरी आले, पोत पुन्हा गळ्यात गेली. पण ते तीन तास त्या माउलीने कसे काढले असतील? बाबा नंतर म्हणाले, "माह्या नावाचं कार्ड हाय, अन् मलेच मालूम नाही!" श्रोतेहो, या एका वाक्यात सगळे आले. विमा होता. पैसा होता. किल्ली मात्र चारशे-पाचशे मैलांवर होती.

आता हा विमा काय आहे, ते थोडक्यात पाहू. केंद्र सरकारची आयुष्मान भारत, प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ साली सुरू झाली. आपल्या राज्यात त्याआधीच, २०१२ साली काही जिल्ह्यांत आणि पुढच्या वर्षी सर्वत्र, राजीव गांधी जीवनदायी योजना आली होती. २०१७ साली तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले आणि २०२० पासून या दोन्ही योजना एकत्र चालवल्या जातात. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठरलेल्या उपचारांचे संरक्षण मिळते. ही रक्कम एकेकट्या माणसाची नव्हे, सबंध घराची आहे. एकाने वापरली की दुसऱ्याची तेवढी कमी होते. तेव्हा किती शिल्लक आहे, हे घरातल्या एकालाच ठाऊक असून भागत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड निघाले आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. घर आधीच योजनेत असेल, तरी सत्तरीपुढच्या माणसांसाठी वर्षाला पाच लाखांचे वेगळे संरक्षण मिळते. मात्र हे कार्ड वेगळे काढावे लागते. आमच्याकडे पुलगावच्या आसपास माजी सैनिकांची घरे आहेत. ज्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ आहे, त्यांनी दोहोंपैकी एक निवडायची आहे. ती निवड मुलाने परस्पर करू नये. म्हाताऱ्याला विचारून करावी. ज्या दवाखान्याची सवय आहे, जिथले डॉक्टर ओळखीचे आहेत, ते त्याचे त्यालाच ठाऊक असते.

इथे आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट आठवते. १९८०च्या सुमारास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी आरोग्यविम्याची एक योजना चालवली. डॉ. उल्हास जाजू यांचा तिच्यात मोठा वाटा होता. वर्गणी ज्वारीच्या रूपाने घेत, तीही सुगी झाल्यावर, घरात धान्य असताना. ज्वारी गावातच गोळा होई. त्यामुळे कोण योजनेत आहे आणि कोण नाही, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असे. आजचा विमा त्याहून कितीतरी मोठा आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही. मोबाईलच्या पोटात असतो. म्हणून जे तेव्हा आपोआप होई, ते आज घरोघर मुद्दाम करावे लागेल.

काय करावे? सांगतो.

पहिली गोष्ट, एक साधी वही करा. घरातल्या प्रत्येक माणसाला एक पान. त्यावर त्याचे नाव, कार्ड कोणते, कार्डाचा क्रमांक, आधारला कोणता मोबाईल क्रमांक जोडला आहे आणि तो मोबाईल कुणाजवळ असतो. कुणी खासगी कंपनीचा विमा घेतला असेल, तर पॉलिसीचा क्रमांक, कंपनीचा मदत क्रमांक आणि हप्त्याची तारीख. ही तारीख महत्त्वाची. हप्त्याची आठवण मुलाच्या मोबाईलवर जाते, मुलगा विसरतो आणि आईबापांचा विमा त्यांना नकळत बंद पडतो. कार्डाचा छापील कागद वहीत ठेवा. वही घरातल्या पेटीत ठेवा, आणि ती कुठे आहे हे दोघांना तरी सांगा.

दुसरी गोष्ट, मोबाईल क्रमांक. म्हाताऱ्या माणसाच्या आधारला शक्यतो त्याचाच क्रमांक असावा. त्याला मोबाईल चालवता येत नसेल, तर जो घरी राहतो, दवाखान्यात सोबत जाणार आहे, त्याचा असावा. एकच क्रमांक एकाहून अधिक आधारला जोडता येतो. दूर राहणाऱ्या कमावत्या मुलाचा मान त्यामुळे कमी होत नाही. क्रमांक आधार केंद्रावर जाऊन बदलून घेता येतो. त्यासाठी थांबून राहू नका. आणि जुने सिम बंद पडले असेल तर आळस मुळीच नको. बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. मग आपल्या घरची किल्ली परक्याच्या खिशात.

तिसरी गोष्ट, बोटांचे ठसे. शेतात राबलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत, यात लाज वाटण्याजोगे काही नाही. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, ती मागावी. तातडीचा रुग्ण असेल तर कागद मागाहून देण्याचीही सवलत असते. दवाखान्यात पोचताच आधी आरोग्यमित्राला गाठा. केंद्राच्या योजनेसाठी १४५५५ आणि राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

चौथी गोष्ट, शिधापत्रिका. सून घरात येऊन चार वर्षे झाली, नातू शाळेत जाऊ लागला, आणि शिधापत्रिकेत त्यांची नावेच नाहीत, अशी घरे मला ठाऊक आहेत. लेकीचे नाव माहेरी कमी केले आणि सासरी चढवलेच नाही, तर ती बिचारी दोन्हीकडून सुटते. लग्नाची पत्रिका छापतो, तशीच ही नावे चढवण्याची तजवीज त्याच वर्षी करावी.

आता एक नाजूक गोष्ट. किल्ली दोघांजवळ असावी म्हणालो. दहांजवळ असावी असे म्हणालो नाही. जुन्या काळच्या एका दगडी सराईसाठी नाचणगाव ओळखले जाते. सराई म्हटली की वाटसरूला आसरा आला. पण तिला दार असते आणि दारावर राखणदारही असतो. आसरा हवा आणि दारही हवे. "तुमच्या कार्डात पैसे आले आहेत, आकडे सांगा," असा फोन आला तर आकडे सांगू नका. आपण स्वतः खिडकीपाशी उभे असताना, आपल्या कामासाठी जे आकडे मागवले, तेवढेच सांगायचे. फसगत झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. आयुष्मान कार्डाला पैसे पडत नाहीत; कुणी शंभर-दोनशे मागत असेल तर तो आपला माणूस नव्हे.

आणि राखणदारी घरातल्या माणसांपासूनही असते, हे जरा कडू वाटले तरी बोलले पाहिजे. आजकाल आभा नावाचा चौदा आकडी क्रमांक निघतो. तो विमा नव्हे. आपल्या तपासण्यांचे आणि औषधांचे कागद एकत्र जोडण्याची ती सोय आहे. ते कागद कुणाला दाखवायचे, याची परवानगी ज्याची त्याने द्यायची असते. सुनेचा मोबाईल सासूबाईंच्या हाती, आणि सुनेची तपासणी सगळ्या आळीच्या तोंडी, असे होऊ नये. मुलाने बापाच्या आजाराचे कागद बापाला न विचारता भावकीत फिरवू नयेत. मदतीसाठी किल्ली जवळ ठेवणे वेगळे, आणि पेटी उघडून आतले उचकणे वेगळे. घरच्या माणसाची परवानगी काय मागायची, असे पुष्कळांना वाटते. मी म्हणतो, तिथेच आधी मागावी. एकदा विचारले की म्हातारा माणूसही मोकळेपणाने सांगतो, "हे तुले दाखवतो, ते ठेव तसंच."

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांना या वहीचा नमुना फळ्यावर काढून दाखवा. कोणते रकाने असावेत, ते का असावेत, हे समजावून द्या. मुले घरी जाऊन आजी-आजोबांपाशी बसतील आणि वही भरतील. पण आधारचे किंवा कार्डांचे आकडे शाळेत गोळा करू नका. नमुना शाळेचा, आकडे घरचे. एवढे पथ्य पाळले, तर महिन्याभरात गावातल्या पुष्कळ घरांत अशी वही तयार होईल.

मघाच्या त्या घरी आता वही झाली आहे. थोरल्याच्या मुलीने, नातीने, ती लिहिली. पहिल्या पानावर बाबांचे नाव आहे, आणि त्यांच्या आधारला आता घरातल्याच मोबाईलचा क्रमांक आहे. धाकटा चाकणहून फोन करतो, तेव्हा हप्ता आणि शिल्लक यांची चौकशी करतो. त्याचेही ओझे हलके झाले. इतके दिवस सगळे आपल्या एकट्याच्या खिशात आहे, ही काळजी त्यालाही होतीच की.

मायने वही कुठे ठेवली, ठाऊक आहे? जुन्या लाकडी पेटीत, पोतीच्या डबीशेजारी. आणि पेटीची किल्ली थोरल्या सुनेला दाखवून ठेवली.

श्रोतेहो, आज रात्री जेवणे झाली की घरात एवढेच विचारा, "आपली कार्डे कुठे आहेत? आणि आकडे कुणाच्या मोबाईलवर येतात?" उत्तर चटकन मिळाले तर उत्तम. नाही मिळाले, तर उद्या सकाळी वही आणायला पोराला दुकानात पाठवा.