दुधाचा दर आणि दोन गायींचा गोठा

महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीला धरून जाहीर होतो. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे घन पदार्थ: प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार. जाहीर झालेला दर उत्पादकाच्या हाती तसाच पडतो असे मात्र नाही. संकलन केंद्रावर किटली रिकामी होते, नमुना यंत्रात जातो, आकडे उमटतात आणि पावती निघते. एक पॉइंट म्हणजे टक्क्याचा दहावा भाग. एसएनएफ ८.३ लागला की दोन पॉइंट गेले. पॉइंटमागे वजावट ३० पैसे असेल तर लिटरला ६० पैसे कमी, १ रुपया असेल तर २ रुपये. रोज १२ लिटर दूध घालणाऱ्याचे पहिल्या हिशेबाने दिवसाला ७ रुपये २० पैसे जातात, दुसऱ्याने २४ रुपये. वर्तमानपत्राचा मथळा दराचा असतो. वजावटीचा तक्ता दूध घालणाऱ्याखेरीज सहसा कोणी वाचत नाही.

दर वर-खाली होतो तो शिल्लक दुधामुळे. पिशवीतल्या दुधाला शहरात वर्षभर जवळपास सारखीच मागणी असते. पुरवठा तसा नसतो. पावसाळ्यानंतर म्हशी वितात, हिरवा चारा मुबलक होतो आणि हिवाळ्याचा पुष्टकाळ सुरू होतो. पिशवीत न मावणाऱ्या दुधाची भुकटी आणि लोणी करावे लागते. गायीच्या १०० लिटर दुधातून सुमारे ९ किलो स्निग्धांशविरहित भुकटी आणि ४ किलोंहून थोडे अधिक लोणी निघते. भुकटीचा भाव किलोमागे ५० रुपयांनी उतरला तर १०० लिटरमागे ४५० रुपये, म्हणजे लिटरला साडेचार रुपये कमी मिळतात. हा फटका फक्त भुकटीला गेलेल्या दुधापुरता राहिला असता तर निभावले असते. पण सहकारी दूध संघ आणि खासगी डेअऱ्या खरेदीचा दर सगळ्या दुधाला एकच लावतात. त्यामुळे शेवटच्या शिल्लक लिटरचा भाव पहिल्या लिटरलाही लागू होतो.

अशा वेळी कारखान्याला पाळी बंद ठेवता येते, गायीची धार थांबवता येत नाही. दर पडला म्हणून आंबोण कमी केले तर दूध आटते आणि त्या वेतात ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर सहसा येत नाही. दर चढला तरी दूध लगेच वाढत नाही. आजची कालवड पहिले वेत देईपर्यंत अडीच-तीन वर्षे जातात. लम्पी त्वचारोगाच्या २०२२ मधील साथीनंतर दूध कमी पडले आणि २०२३ च्या सुरुवातीला दर ३५ रुपयांच्या वर गेले. त्याच वर्षाअखेर ते २७ रुपयांच्या आसपास उतरले होते. दर चढे असताना कर्ज काढून घेतलेल्या गायींचे हप्ते मात्र ठरल्या रकमेनेच चालू राहिले.

गोठ्याचा हिशेब एका गायीवर मांडून पाहता येतो. समजा, संकरित गाय ३०५ दिवस सरासरी १२ लिटर दूध देते आणि दर ३० रुपये आहे. रोजचे ३६० रुपये झाले. तिला ६ किलो पशुखाद्य ३२ रुपयांनी १९२, ५ किलो कडबा ४० आणि क्षारमिश्रण, औषध, रेतन मिळून २० रुपये लागतात. हिरवा चारा घरच्या बांधावरचा, म्हणून त्याचे रोख पैसे नाहीत. उरले १०८ रुपये, वेतभरात ३२,९४० रुपये. पुढे ९० दिवस गाय भाकड. तेव्हाही २ किलो खाद्य, कडबा आणि औषध धरून १२४ रुपये रोज, म्हणजे ११,१६० रुपये जातात. १३ महिन्यांच्या पूर्ण चक्रात हाती २१,७८० रुपये राहतात, दिवसाला सुमारे ५५. शेण काढणे, कुट्टी करणे, पाणी पाजणे, दोन वेळची धार यांची मजुरी यात नाही. हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात. दर ५ रुपयांनी घसरला तर १८,३०० रुपये गेले आणि उरले ३,४८०. दरातली सहाव्या हिश्शाची घट उत्पन्नाचे पाचातले चार हिस्से घेऊन जाते.

माज ओळखण्यात चूक होऊन गाय वेळेत गाभण राहिली नाही आणि भाकड काळ आणखी ९० दिवसांनी लांबला तर नफा २१,७८० वरून १०,६२० वर येतो. हा तोटा पावतीवर दिसत नाही. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारात भाकड गायीचा खर्च मोजलेला नसतो, म्हणून दराबद्दल आंदोलन होते आणि माज ओळखण्यातल्या चुकीबद्दल कोणी बोलत नाही.

उसाला केंद्र सरकारचा रास्त आणि किफायतशीर दर (एफआरपी) आहे, काही पिकांना हमीभाव आहे. दुधाला दोन्ही नाहीत. लवकर नासणारा माल सरकारने विकत घेऊन गोदामात ठेवायचा कसा, हा खरा प्रश्न आहे. म्हणून सरकारचा हस्तक्षेप बहुतेक वेळा अनुदानाच्या रूपाने येतो. दूध उत्पादकांच्या जुलै २०१८ च्या आंदोलनानंतर गायीच्या दुधाला २५ रुपये दर जाहीर झाला. जुलै २०२४ मध्ये डेअरीने ३० आणि सरकारने ५ रुपये द्यायचे ठरले. पुढे ऑक्टोबरपासून हे सूत्र २८ आणि ७ झाले. उत्पादकाची बेरीज ३५ च राहिली. २ रुपये डेअरीच्या खात्यातून सरकारच्या तिजोरीवर सरकले. या अनुदानासाठी जनावराच्या कानातला टॅग आणि बँक खाते यांची जोडणीही लागत होती. टॅग नसलेल्या गायीचे दूध तेवढेच असे, पण ते या हिशेबात येत नव्हते.

अनुदानाखेरीज उत्पादकाला आधार देण्यात सहकाराचा उपयोग स्पष्ट दिसतो. १९६३ मध्ये स्थापन झालेला कोल्हापूरचा गोकुळ संघ दिवाळीला दरफरक देतो, म्हणजे नफ्याचा काही भाग दूध घालणाऱ्यालाच परत जातो. गुजरातच्या खेडा संघाने १९४६ पासून घालून दिलेली घडी हीच आहे. महाराष्ट्रात संघटित क्षेत्रातल्या संकलनाचा मोठा वाटा खासगी डेअऱ्यांकडे आहे आणि तिथला नफा गोठ्यापर्यंत परत येईलच अशी रचना नाही. सहकारी संघही सगळे गोकुळसारखे चाललेले नाहीत. राज्य पातळीवरच्या महानंदचा कारभार २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे द्यावा लागला.

गोठ्याचा खर्च आवरायला न परवडणारे जनावर काढून टाकणे हा जुना उपाय होता. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर गोऱ्हा आणि भाकड गायीला गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले, तेव्हा त्यांच्या चाऱ्याचा खर्चही दुधाच्या त्याच ३० रुपयांतून भागवावा लागतो. लिंगनिर्धारित वीर्यमात्रेमुळे कालवडींचे प्रमाण वाढते, पण मात्रा महाग पडते आणि गाय गाभण राहिली नाही तर तोही खर्च वाया जातो. गावाजवळ शहर असेल तर रतीब घालून लिटरला जास्त दर मिळतो. मात्र पहाटे घरोघरी फिरणारा माणूस हवा. तो नसलेल्या घराला संकलन केंद्राखेरीज पर्याय राहत नाही.