अ‍ॅनाकोंडा : दलदलीतील महासर्प

(वन्यजीव सप्ताहानिमित्त विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)



सर्पांविषयी आपल्या मनात जितके भय असते, तितकी माहिती नसते. दक्षिण अमेरिकेतील हिरवा अ‍ॅनाकोंडा हे याचे ठळक उदाहरण होय. त्याचे नावदेखील गैरसमजातून आलेले आहे. युरोपीय ग्रंथांत हे नाव सतराव्या शतकात श्रीलंकेतील एका सर्पाला दिलेले आढळते. पुढे ते अमेरिकेतील सर्पाला चिकटले. लिनियसने 1758 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ‘युनेक्टिस’ या त्याच्या प्रजातिनामाचा अर्थ ‘उत्तम पोहणारा’ असा आहे.

हे नाव सार्थ आहे. त्याचे डोळे व नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूस असल्यामुळे सारे शरीर पाण्याखाली ठेवून तो भक्ष्याची वाट पाहत राहतो. जमिनीवर जड व मंद वाटणारा हा देह पाण्यात सहज वावरतो. पक्षी, कॅपिबारा, हरिण, प्रसंगी मगरीच्या कुळातील केमनही त्याचे भक्ष्य होते. तो विषारी नाही. भक्ष्य गुदमरून मरते, असे पूर्वी मानीत. परंतु त्याच्याच कुळातील बोआ सर्पावरील 2015 च्या प्रयोगांत असे दिसून आले की, विळख्याच्या दाबाने रक्ताभिसरणच काही क्षणांत कोलमडते.

लांबीविषयी तर दंतकथांना सीमाच नाही. पर्सी फॉसेट या प्रवाशाने 1907 मध्ये बासष्ट फूट लांबीचा अ‍ॅनाकोंडा मारल्याचे सांगितले. तीस फुटांहून लांब जिवंत सर्प आणून देणाऱ्यास न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने बक्षीस लावले होते. त्याची रक्कम वाढत पन्नास हजार डॉलरांपर्यंत गेली, तरी ते कोणालाही मिळाले नाही. प्रत्यक्ष मोजलेल्या माद्यांत पाच मीटरची मादीदेखील फार मोठी समजली जाते. माणसाला गिळल्याची एकही खात्रीलायक शास्त्रीय नोंद नाही.

व्हेनेझुएलातील यानोस या पूरमैदानात जेसूस रिवास यांनी 1992 पासून केलेल्या अभ्यासाने या प्राण्याचे खरे जीवन उजेडात आणले. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की एका मादीभोवती कधी दहा-बारा नर गोळा होतात आणि हा गुंता दोन ते चार आठवडे टिकतो. मादी नराच्या चौपटीहून अधिक वजनाची असते. मीलनानंतर ती एखाद्या नराला गिळूनही टाकते. त्यापुढे सुमारे सहा-सात महिन्यांच्या गर्भारपणात ती बहुधा काही खात नाही. शरीरातील साठ्यावरच ती गर्भ पोसते व वीस ते चाळीस जिवंत पिलांना जन्म देते. झिजलेला देह पुन्हा भरून येण्यास अवधी लागत असल्याने ती दरवर्षी वीत नाही. (उत्तरेकडील अ‍ॅनाकोंडा ही निराळी जाती असल्याचे काही शास्त्रज्ञांनी 2024 मध्ये मांडले, त्यावर मतभेद आहेत.)

या वृत्तांतातील मर्म ध्यानी घ्यावे. जो सर्प सर्वांत मोठा, तो सर्वांत भयंकर वाटतो व प्रथम मारला जातो. परंतु तीच असते अनेक वर्षे वाढून प्रसूतिक्षम झालेली मादी. तिच्याबरोबर पुढील कित्येक विणींची पिले नाहीशी होतात.

हा बोध आपल्या अजगरालाही लागू पडतो. गोव्याच्या शेतात, कुळागरात वा ओहोळाकाठी दिसणारा अजगर हा वेगळ्या कुळातील असून त्याची मादी अंडी घालते आणि त्यांना वेटोळे घालून अंग थरथरवून ऊब देते. परंतु त्याच्यातही मादीच मोठी असते आणि तोही बिनविषारीच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असल्याने त्याला मारणे हा गुन्हा आहे.

म्हणून अजगर दिसल्यास काठी उचलू नका. गर्दी दूर ठेवा, कोंबड्या व वासरे सुरक्षित जागी हलवा आणि वनखात्याला कळवा. भय वाटणे स्वाभाविक आहे. त्या भयापायी एका मातेचा जीव जाऊ नये, एवढेच आपल्याला सांगावयाचे आहे.