मिठासाखरेचे पाणी आणि ‘उपयोग काय?’ हा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात विज्ञान-संशोधन या विषयावर केलेल्या भाषणाचे लेखी रूप.)



काल रात्री जेवणे आटोपल्यावर एका तरुण साथीने मला प्रश्न विचारला. “सर, ज्या देशात अजून लहान मुले जुलाबाने दगावतात, त्या देशाने अणूच्या पोटात काय आहे आणि ताऱ्यांच्या पोटात काय आहे असल्या संशोधनावर पैसा का खर्च करावा? आधी उपयोगाचे संशोधन करू, मूलभूत विज्ञानाचे पुढे पाहता येईल.” प्रश्नामागची कळकळ खरी होती. मी हा प्रश्न गेली चाळीस वर्षे ऐकत आलो आहे. तरुणपणी मी स्वतःही तो अनेकांना विचारला आहे. पण हाच प्रश्न सरकारचे अर्थखाते विचारते आणि कारखानदारांच्या संघटनाही विचारतात. त्यांचा आणि आपला प्रश्न असा शब्दशः एक झाला की मला जरा थांबून विचार करावासा वाटतो.

उत्तरादाखल मी ताऱ्यांची वकिली करणार नाही. साथीने जुलाबाचे नाव काढले आहे, तर जुलाबाविषयीच बोलू.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातील लष्करी अत्याचारांपासून जीव वाचवीत सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. सीमेलगतच्या छावण्यांत पावसाळ्यात पटकीची साथ पसरली. बनगावच्या रुग्णालयात जूनच्या अखेरीस दिलीप महालनबीस नावाचे कलकत्त्याचे डॉक्टर दाखल झाले, तेव्हा पटकीच्या रुग्णांसाठी तेथे दोन खोल्या होत्या आणि रुग्ण जमिनीवर पडलेले होते. शिरेतून सलाईन द्यायचे तर डॉक्टरला त्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. त्यात सलाईनचा साठा संपत आला. आता डोळ्यांदेखत माणसे मरू द्यायची, की अजून सर्वमान्य न झालेला उपाय करून पाहायचा, असा पेच होता. महालनबीसांनी दुसरा मार्ग धरला. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण कलकत्त्यात बसून माणसांनी हाताने मोजले, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले, गरम इस्त्रीने पिशव्यांची तोंडे बंद केली आणि बनगावला धाडले. तेथे पिंपांत पाणी कालवून नळ्यांतून पेल्यांत सोडले जाई. पाजण्याचे काम आया, भाऊ, शेजारी, जो जवळ असेल तो करी. लिटरमागे सामग्रीचा खर्च अकरा पैसे. छावण्यांत पटकीने शंभरांतले वीस ते तीस रुग्ण दगावत होते. महालनबीसांच्या देखरेखीखाली उपचार झालेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

ही हकीकत ऐकून तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल की, हेच तर आम्ही म्हणतो; मीठ, साखर आणि पाणी एवढ्याने काम झाले, येथे मूलभूत विज्ञानाचा संबंध काय? त्यासाठी मला अठरा वर्षे मागे जावे लागेल.

१९५३ साली कलकत्त्याचेच डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. पटकीच्या १८६ रुग्णांना आपण ग्लुकोज व मीठ घातलेले पाणी तोंडाने दिले आणि ते बरे झाले, असे त्यात नमूद होते. म्हणजे बनगावचा उपाय जवळजवळ तसाच्या तसा त्या लेखात होता, आणि तोही जगातल्या अग्रगण्य नियतकालिकात छापलेला. पुढे काय झाले? काहीही झाले नाही. चॅटर्जींनी तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नव्हता, हे एक कारण. कलकत्त्याच्या डॉक्टरकडून शिकण्याची पाश्चात्त्य वैद्यकाची फारशी तयारी नव्हती, हेही एक कारण म्हणता येईल. पण खरी अडचण निराळीच होती. हा उपाय का लागू पडतो, हे कोणालाच सांगता येत नव्हते. पटकीत आतड्याचे अस्तरच सोलून निघते, तेव्हा अशा आतड्यात पाणी ओतून उपयोग नाही, उलट हानीच होईल, अशी एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली समजूत होती. जे घडणे शक्य नाही असे शास्त्र मानते ते घडल्याचे कोणी सांगितले, तर लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. आणि त्या अवस्थेत ते अगदीच चुकतात असेही म्हणता येत नाही. उपयोगाचे ज्ञान कारणाच्या ज्ञानावाचून असे अठरा वर्षे कागदावर पडून राहिले. त्या काळात पटकीने किती माणसे मेली याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

या अठरा वर्षांत काय घडले, ते पाहू. कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातच पटकीचा जंतू निश्चित केला होता आणि हा जंतू काही विष तयार करीत असावा असा तर्कही केला होता. ते विष पुढे पाऊणशे वर्षे कोणाला सापडले नाही. ते सापडले कलकत्त्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील विकृतिशास्त्राच्या अध्यापकाला, शंभुनाथ डे यांना. साधने अपुरी, पण युक्ती साधी आणि बिनतोड. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधायचा, त्यात पटकीचे जंतू सोडायचे आणि तो तुकडा पाण्याने फुगतो का ते पाहायचे. तो फुगला. मग १९५९ साली त्यांनी जंतू गाळून टाकून नुसता राहिलेला द्रव सोडला, तरीही आतडे फुगले. जंतू नसताना जे घडते ते त्याच्या विषामुळे घडते, हे सिद्ध झाले. त्याच सुमारास बँकॉकच्या साथीतील रुग्णांच्या आतड्यांचे सूक्ष्म तुकडे काढून पाहण्यात आले, तेव्हा अस्तर शाबूत असल्याचे दिसले. म्हणजे पटकीत आतडे फाटत नाही. ते विषाच्या हुकुमाने पाणी बाहेर टाकत राहते. शरीराची यंत्रणा मोडलेली नाही, ती फितवली गेली आहे, असे म्हणा.

तिसरा धागा तर पटकीपासून फारच दूरचा. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाला एवढेच जाणून घ्यायचे होते की, आतड्याच्या भिंतीतून साखर आत कशी शिरते. पटकी, गरिबी, आशिया यांपैकी काहीही त्याच्या प्रश्नात नव्हते. आपल्या शिबिरातल्या साथीने त्या वेळी त्याला गाठले असते तर “हे कळून उपयोग काय?” असे नक्की विचारले असते, आणि क्रेनला सांगण्यासारखे फारसे काही सुचले नसते. १९६० साली प्रागच्या परिषदेत त्याने आपले उत्तर मांडले. आतड्याच्या पेशीच्या दाराशी सोडियम आणि ग्लुकोज हे जोडीने आत जातात, एकाचा हात धरूनच दुसरा शिरतो. आणि ही जोडी आत गेली की तिच्यामागोमाग पाणी जाते. मीठ एकटे पाजले तर काम होत नाही. त्याबरोबर साखर हवी आणि तीही मापाची हवी, कारण साखर फार झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. चॅटर्जींच्या रुग्णांचे पोट जे करीत होते त्याचे कारण आता सांगता येऊ लागले.

त्यानंतर ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत आणि कलकत्त्यात तोलूनमापून चाचण्या झाल्या. किती बाहेर गेले, किती आत गेले, याची पेल्यापेल्याने नोंद ठेवण्यात आली. १९६८ साली नालिन व कॅश या तरुण डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, तोंडाने मिश्रण दिल्यास शिरेतून द्यावे लागणारे सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते. (ही प्रयोगशाळा ‘सीटो’ या लष्करी कराराच्या छत्राखाली उभी राहिली होती, हेही आपल्याला ठाऊक असावे. विज्ञानाला पैसा नेहमी शुद्ध हेतूनेच मिळतो, अशी भाबडी समजूत मी पसरवू इच्छीत नाही.) महालनबीस बनगावला गुडघ्यांवर बसले तेव्हा हे सारे ज्ञान त्यांच्या पाठीशी होते. चॅटर्जींच्या पाठीशी ते नव्हते. मीठ तेच आणि साखरही तीच. फरक एवढाच की, मध्यंतरी दोन-तीन माणसांनी निरुपयोगी वाटणाऱ्या प्रश्नांचा पिच्छा पुरवला होता.

यावरून मूलभूत ते श्रेष्ठ आणि उपयोजित ते दुय्यम, असा अर्थ कोणी काढू नये. प्रयोगशाळांत वावरणाऱ्यांना ती खोड असते. क्रेनचा शोध क्रेनपाशीच राहिला असता तर एकही मूल वाचले नसते. आणि बनगावनंतरही काम संपले नव्हते. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका १९८० पासून दहा वर्षे दारोदार हिंडल्या. पुड्या परवडत नाहीत, तर चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ अर्धा शेर पाण्यात कसा कालवायचा, हे त्यांनी एका वेळी एका आईला शिकवले. अशी सव्वा कोटीच्या आसपास घरे त्यांनी पालथी घातली. शिकवणाऱ्या बाईचे वेतन नुसत्या भेटींच्या संख्येवर नव्हते. आईला नंतर किती आठवते याची दुसरा माणूस येऊन तपासणी करी आणि त्यावर पैसे ठरत. आपण सभांच्या उपस्थितीवर समाधान मानणारी माणसे; ही तपासणी आपल्याला सोसेल का, याचा विचार करावा. तेही संशोधनच होते. चिमूट किती आणि मूठ किती हे ठरवायलाही प्रयोग करावे लागले.

शंभुनाथ डे यांचे काय झाले तेही सांगतो, कारण ते आपल्या देशाविषयी काही सांगते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानच्या पटकीविषयक परिसंवादाला त्यांना आमंत्रण आले. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्य करून घेतले नाही. १९८५ साली ते वारले. महालनबीसांना पद्मविभूषण जाहीर झाले ते २०२३ साली, त्यांच्या निधनानंतर तीन महिन्यांनी.

आता पैशाकडे येतो. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करीत नाही; २०२०-२१ चा आकडा ०.६४ टक्के आहे. चीनचा खर्च दोन टक्क्यांहून अधिक, दक्षिण कोरियाचा चार टक्क्यांहून अधिक. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे करायचे ठरले, पण त्यातला मोठा वाटा सरकारच्या तिजोरीबाहेरून यावा अशी अपेक्षा ठेवली गेली. २०२५ च्या जुलैत एक लाख कोटींची योजना मंजूर झाली, तीही खाजगी उद्योगांना संशोधनासाठी अल्प वा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचा पैसा मिळावा म्हणून. उद्योगांनी संशोधन करू नये असे मी म्हणत नाही. पण बाजारात ज्याला गिऱ्हाईक नाही असा प्रश्न उद्योग विचारणार नाही. सशाच्या आतड्याला दोरा बांधणाऱ्या अध्यापकाला कोणती कंपनी कर्ज देईल, आणि तो ते फेडणार कशातून? अकरा पैशांच्या पाण्यातून?

क्रेनच्या शोधाचे दुसरे टोक पाहिले तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सोडियम व साखरेची अशीच जोडी मूत्रपिंडातही काम करते. तेथील दार अडवले की साखर लघवीवाटे निघून जाते. त्यावर मधुमेहाची ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गातील नवी औषधे निघाली. औषधे चांगली आहेत. परंतु त्यांवर एकाधिकाराचे हक्क होते. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनवरील हक्क २०२० साली आणि एम्पाग्लिफ्लोझिनवरील २०२५ साली संपले आणि किमती झपाट्याने उतरल्या. मूळ ज्ञान सर्वांचे. त्यातून एकीकडे गुळाचे पाणी निघाले आणि दुसरीकडे वर्षानुवर्षे महाग राहिलेली गोळी निघाली. म्हणून मूलभूत संशोधनाला सार्वजनिक पैसा मागतानाच, त्या ज्ञानाच्या फळांवर सार्वजनिक हक्कही मागितला पाहिजे. पहिली मागणी सोडून केवळ दुसरी करणे म्हणजे झाड न लावता आंब्यांच्या वाटणीवर भांडणे होय.

शेवटी आपल्या गावांकडे येतो. आपल्याकडे जलसंजीवनीची पुडी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, तरी ‘सलाईन लावली’ म्हणजेच खरा उपचार, ही समजूत घट्ट आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे साठ टक्क्यांनाच ही पुडी मिळाल्याचे आढळले. बाकीच्यांना का मिळत नाही? माझे उत्तर तयार होते: बाटलीत नफा आहे, पुडीत नाही. कर्नाटक आणि बिहारमध्ये झालेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने मला खोटे पाडले. नफ्याचा मोह किंवा पुड्यांचा तुटवडा यांपेक्षा मोठे कारण असे निघाले की, रोग्याला पुडी नकोच आहे असे डॉक्टर धरून चालतात. रोग्याने नुसते “आम्हाला ती पुडी चालेल” असे म्हटले तरी चित्र पुष्कळ बदलते. हेही उपयोजित संशोधनच, आणि त्यापुढचे काम करायला प्रयोगशाळा लागत नाही.

तेव्हा कालच्या साथीला माझी एक विनंती आहे. उद्या सकाळच्या सत्रापूर्वी स्वयंपाकघरातून एक लिटरचे भांडे, साखर, मीठ आणि लहान चमचा आणून ठेवावा. उकळून गार केलेले लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येकाने स्वतः मोजून कालवायचे आहे. चव घेऊन पाहावी. ते आसवांपेक्षा खारट लागले तर ओतून टाकून पुन्हा करावे.