शेवट ठाऊक असलेली लढाई



आपली मुलं टोलकिनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आवडीनं वाचतात. त्यात मूठभर सैन्य काळ्या दरवाजावर चालून जातं. जिंकणं अशक्य, पण अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोची एक आशा उरलेली असते. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ (१९८८) कादंबरीत तेवढीही आशा नाही. १४ जानेवारी १७६१ ला काय घडलं, हे शाळकरी पोरालाही माहीत. तरी वाचताना छाती धडधडते. का?

कारण तिथे वाटा एकेक करून बंद होतात. फेब्रुवारी १७६० मध्ये गोदावरीपलीकडच्या उदगीरला निजामाला नमवून भाऊसाहेब उत्तरेत जातात, कुंजपुरा घेतात. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरतो आणि परतीचा रस्ता अडवतो. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले जातात. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे. साऱ्यांना पोट आहे. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं ठरतं.

म्हणजे धसका तलवारीचा नाही, रिकाम्या होत जाणाऱ्या कोठाराचा आहे. शेतीवर जगणाऱ्या बाजारहत्नूरला तो वेगळा समजावून सांगायला नको.

निवडणुकीत कुणी पडला की आपण सहज म्हणतो, ‘त्याचं पानिपत झालं.’ त्या शब्दामागे किती माणसं उपाशी उभी होती, ते मुलांना कळावं. यंदा हे पुस्तक घरात मोठ्यानं वाचा.

मंगलमूर्ती मोरया!