लगाम आणि यंत्र



इंदुरातील पोलोग्राउंड हे नाव ऐकले की डोळ्यांपुढे दौडणारे घोडे उभे राहतात. आज तेथे गेल्यास मात्र दिसतात ते कारखाने आणि पश्चिम मध्य प्रदेशाला वीज पुरविणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालय. घोड्यांच्या जागी यंत्रे आली, परंतु लगामाचा प्रश्न तसाच राहिला. बलवान वस्तूला हवे तेथे आणि हवे तसे कसे न्यावे? ह्या प्रश्नाच्या शास्त्राला नियंत्रणशास्त्र म्हणतात. त्या शास्त्रात ज्यांच्या कार्याला जगन्मान्यता लाभली, त्या प्रमोद खरगोणेकरांचा जन्म १९५६ साली ह्याच इंदूर शहरात झाला.

कुशल स्वार एकदा लगाम ओढून स्वस्थ बसत नाही. घोडा कोणीकडे वळतो आहे हे तो क्षणोक्षणी पाहतो आणि चूक होईल तेवढाच लगाम आवळतो. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जो नियामक बसविला, तो हेच करी. वेग वाढला की त्याचे फिरते गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप मिटू लागे. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांच्या आसपास राखली जाते, तीही ह्याच तत्त्वाने. मागणी वाढली की जनित्रे किंचित मंदावतात, आणि नियामक वाफ किंवा पाणी वाढवून त्यांना सावरतो. मात्र लगाम वाजवीपेक्षा अधिक ओढला तर घोडा बिथरतो. नियामक उतावीळ झाला तर यंत्रही हेलकावे खाऊ लागते. ह्या हेलकाव्यांचे गणित मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडले.

खरगोणेकरांनी मुंबईच्या आय. आय. टी.मधून १९७७ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे ते अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात गेले. तेथे त्यांना रुडॉल्फ कालमान हे गुरू लाभले. सदोष मोजमापांतून खऱ्या स्थितीचा अदमास घेण्याची कालमान यांची १९६० सालची रीत चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांच्या मार्गदर्शनात उपयोगी पडली होती. खरगोणेकरांनी १९८० मध्ये गणिताची पदव्युत्तर पदवी आणि १९८१ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

त्या काळी ह्या शास्त्रापुढे एक पेच उभा होता. गणित कितीही सुबक असले तरी ते कागदावरच्या यंत्राचे असते. रोबोचा पोलादी हात आता रिकामा असतो, तर घटकेने त्यात ओझे येते. त्याचे सांधे झिजतात, वंगण दाट होते. खरे यंत्र समीकरणापासून थोडे ढळले तर नियंत्रण टिकेल काय? जॉर्ज झेम्स यांनी १९८१ मध्ये ह्यासाठी एक निराळी वाट दाखविली. सरासरी पाहू नका, वाईटात वाईट काय होईल ते मोजा आणि तेच शक्य तितके कमी करा, असा तिचा मथितार्थ. ह्या पद्धतीस एच-इन्फिनिटी असे नाव आहे. पण तिची आकडेमोड फार किचकट होती.

१९८९ मध्ये जॉन डॉइल, कीथ ग्लोव्हर, प्रमोद खरगोणेकर आणि ब्रूस फ्रान्सिस ह्या चौघांच्या शोधनिबंधाने ती वाट सुगम केली. रिकाटी यांच्या नावाने ओळखली जाणारी दोन समीकरणे सोडवावीत. इच्छिलेले नियंत्रण शक्य आहे की नाही, हे त्यांवरूनच कळते. शक्य असेल तर नियंत्रक यंत्राच्या गणिती प्रतिकृतीपेक्षा अधिक गुंतागुंतीचा करावा लागत नाही.

पुढे मिशिगन विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, २००१ ते २००९ ह्या काळात फ्लॉरिडात अभियांत्रिकीचे अधिष्ठातापद सांभाळले आणि २०१३ ते २०१६ पर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा अभियांत्रिकी विभाग पाहिला. २०१९ साली त्यांना विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, आय. ई. ई. ई.चे, नियंत्रणशास्त्रासाठीचे पारितोषिक मिळाले.

आपल्या गावचा मनुष्य एवढा मोठा झाला ह्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण केवळ अभिमान बाळगून थांबलो तर त्यांच्या कार्यातील मर्म हातून निसटेल. ज्याला यंत्राचे सारे काही कळले आहे असे वाटते, त्याचे नियंत्रण पहिल्याच अनपेक्षित धक्क्याने कोलमडू शकते. आपल्याला काय ठाऊक नाही, ह्याचा हिशेब जो आधीच मांडून ठेवतो, त्याचे नियंत्रण टिकते. रोबो आता पिंजऱ्याबाहेर येऊन कामगाराच्या शेजारी उभा राहू लागला आहे. तेथे हा हिशेब चुकला तर एखाद्याचा हात जायबंदी होईल, कदाचित प्राणही जाईल.

बहुसंख्य कारखान्यांतील नियामक आजही साधेच असतात, आणि ते बसविणाऱ्याला रिकाटीचे समीकरण ठाऊक असेलच असे नाही. तरीही पोलोग्राउंडवरील एखादा तरुण नियामकाची कळ फिरविण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारील, "माझा अंदाज चुकला तर काय होईल?" ज्या क्षणी तो असे विचारील, त्या क्षणी तोही ह्या शास्त्राचा विद्यार्थी झालेला असेल.