चतुर : पितरांचं वाहन



पावसाळा सरता सरता आपल्या माळांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात.
तोच चतुर जपानमध्येही दिसतो…
आणि तिथं त्याला मान आहे, पितरांचं वाहन म्हणून.

ऑगस्टच्या मध्याला जपानमध्ये ‘ओबोन’ असतो.
आपल्या पितृपक्षासारखा.
पूर्वजांचे आत्मे चतुराच्या पाठीवर बसून घरी येतात, अशी तिथली जुनी श्रद्धा.
म्हणून मोठी माणसं मुलांना बजावतात…
या दिवसांत चतुर पकडायचा नाही.

सामुराई योद्ध्यांनी मात्र त्याच्यात विजय पाहिला.
चतुर कधी मागे हटत नाही, असं ते मानत.
काहींच्या शिरस्त्राणावरही चतुर असे.
खरं तर… चतुराला मागेही उडता येतं!

तर श्रोतेहो, पितरांचं हे वाहन अंगणात आलं,
तर मुलांना त्याच्या शेपटीला दोरा बांधू देऊ नका.